सत्तर ते दोनशे दहा

चिचटोला, ता. ब्रह्मपुरी
१२ जुलै १९९८

श्री. एच. व्ही. पाटील,
कॅमेरा विभाग, सीताबर्डी, नागपूर

महोदय,

मी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर लहानसा फोटो स्टुडिओ चालवते. लग्नं, बारशी, पासपोर्ट, म्हशीच्या विम्याचे फोटो, जे येईल ते काढते. आपल्या दुकानात दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्स नव्या-जुन्या दोन्ही मिळतात असं कळलं, म्हणून हे पत्र. कॅमेरा पेंटॅक्सचा आहे, के माउंटचा, त्याच माउंटची लेन्स त्यावर बसते. माझा थोरला भाऊ नागपूरला गेला तेव्हा मागे ठेवून गेला. त्याला पन्नास मिलिमीटरची लेन्स आहे. नवरा-नवरीला ती पुरते, पाखराला पुरत नाही.

गरज काय ते सांगते, म्हणजे आपल्याला सल्ला देणं सोपं जाईल. आमच्या गावचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आमची मच्छीमार संस्था ठेक्याने घेते. खोल पाण्यात मासे धरतो आणि पावसाळ्यात कडेच्या उथळ पाण्यात शिंगाड्याचा वेल लावतो. गावातली चाळीसेक घरं यावरच जगतात. त्या वेलीच्या पानांवर दरवर्षी लांब शेपटीचे कमळपक्षी अंडी घालतात. आता नागपूरच्या काही पक्षिप्रेमी मंडळींनी अर्ज केला आहे, की आमच्या डोंग्यांमुळे आणि जाळ्यांमुळे पाखरं उठतात, तेव्हा तलाव पाखरांसाठी राखावा आणि मासेमारी व शिंगाडा दोन्ही बंद करावं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रांतसाहेब गावात येऊन दोन्ही बाजू ऐकणार आहेत.

आमच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत आणि तीच पंचाईत आहे, कारण सगळे एकदम बोलतात. म्हणून संस्थेच्या बैठकीत मी उठून म्हटलं की आपण बोलायचं कमी आणि दाखवायचं जास्त. पाखरू अंड्यांवर बसलं आहे आणि त्याच्या शेजारी आपलं माणूस वेलीत काम करतं आहे, असा एक फोटो साहेबांपुढे ठेवला तर कोणाला काही सांगावं लागणार नाही. तसा फोटो नसला तर तलाव गेला म्हणून समजा. संस्थेने त्यासाठी साडेचार हजार रुपये काढून दिले आहेत. त्याच्या वर एक पैसा नाही.

या रकमेत काय बसेल ते कळवावं, ही विनंती.

आपली ग्राहक,
कुंता नान्हे

ता. क. आई बरी आहे. आपण विचारलं नव्हतं, पण दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या घरची खबर असलेली बरी.


२७ जुलै १९९८

महोदय,

छापील दरपत्रक मिळालं. त्याच्याखाली हाताने लिहिलेल्या तीन ओळीही मिळाल्या. अक्षर ओळखीचं वाटलं. 'पक्ष्यांसाठी लोक पाचशेची मिरर लेन्स नेतात. हलकी, स्वस्त. जुनी तुमच्या बजेटमध्ये बसेल.' तीन ओळींत 'कसे आहात' मावलं नाही, तेही समजलं.

दरपत्रक मी बैठकीत वाचून दाखवलं. आमचे अध्यक्ष दसरूमामा, त्यांना लेन्समधलं काही कळत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही, कारण त्यांनी लगेच निकाल दिला. "पाचशेच घे बाई. बाजारात जाळं घ्याले गेलो तं लहान पाहून घेतो का आपन?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्याच पैशात दोनशे आणि पाचशे मिळत असताना दोनशे घेणारा माणूस त्यांच्या मते खुळा. खरं सांगायचं तर मलाही तो आकडा आवडला होता.

पण पैसे संस्थेचे, म्हणून आधी वापरून पाहायचं ठरवलं. आमचा आतेभाऊ प्रणित मोहर्लीला वाटाड्या आहे. ताडोब्याला दरवर्षी येणाऱ्या एका पाहुण्याची पाचशेची मिरर लेन्स त्याच्याकडे ठेवलेली असते आणि ती नेमकी आपल्या माउंटची निघाली. पाहुण्याची परवानगी घेऊन प्रणितने ती आठ दिवसांसाठी दिली. आखूड, जाडजूड, धरायला मजेशीर. मी डोंग्यात बसले, आईने तो वेलीपर्यंत ढकलून दिला आणि ती वेलीत आपल्या कामाला लागली, मी एक अख्खा रोल संपवला.

काय आलं ते ऐका. आभाळ भरलेलं, लेन्सचं छिद्र आठावर खिळलेलं, उघडायला वाव नाही, त्यामुळे शटरला वेग मिळेना. त्यात डोंगा श्वास घेतला तरी हलतो. निम्म्या फोटोंत पाखरू आहे की कोणी पाण्यात फडकं टाकलं आहे, ते देवच जाणे. पाण्यावर जिथे उजेड चमकत होता तिथे गोल गोल वडे उमटले आहेत, मधे भोक असलेले. दसरूमामांनी फोटो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, हा नाश्ता कोणाचा. तूच मला शिकवलं होतंस ना, की पाचशेची लेन्स हातात धरायची तर वेग पाचशेच्या वर हवा? मग त्या तीन ओळींत ते लिहायला काय झालं होतं?

क्षमस्व. 'आपण'च शिकवलं होतं.

एक फोटो मात्र सुईसारखा तीक्ष्ण आला. पाखराचा डोळा दिसतो, मानेवरचं सोनेरी पीस दिसतं. मी तो बराच वेळ पाहत बसले आणि माझ्या लक्षात आलं, की हा आमच्या काहीच कामाचा नाही. त्यात फक्त पाखरू आहे. ते चिचटोल्याचं आहे की काश्मीरचं, कोण सांगणार? आई त्या वेळी पाखरापासून दोन हातांवर गवत उपटत होती, पण फोटोत ती कुठेच नाही. पाचशेची लेन्स मागे सरकत नाही.

म्हणून मला पुढे जाणारी आणि मागेही येणारी लेन्स हवी आहे. झूम. साडेचार हजारांत काय आहे ते नीट पाहून सांगा, या वेळी गिऱ्हाईक समजून नका सांगू.

कुंता


११ ऑगस्ट १९९८

हेमराजभाऊ,

महोदय वगैरे पुरे झालं. तूही या वेळी दरपत्रकावर न लिहिता साध्या कागदावर लिहिलंस.

आधी लेन्सचं. तू दोन सांगितल्यास. नवी सत्तर ते तीनशे, हलकी, गॅरंटीची, मालकाला सांगून साडेचारला करून देतो म्हणालास. आणि एक जुनी, सत्तर ते दोनशे दहा, लोखंडासारखी जड, कडेला बुरशीचा एक धागा, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चारचा उजेड. तुझं मत नवीकडे दिसलं. दसरूमामांचंही नवीकडेच आहे, कारण तीनशे.

मी जुनी घेते आहे. नवी तीनशेवर नेली की उजेड साडेपाचाच्या खाली जातो, आणि आमच्याकडे ऑगस्टमध्ये आभाळ कसं असतं ते तू विसरला असशील, मी नाही. तिच्यात नव्वद जास्त आहेत, कबूल. पण ते नव्वद मी डोंगा थोडा पुढे ढकलून भरून काढीन. आमची माणसं रोज त्या वेलीत असतात, पाखरू आम्हाला भीत नाही. उजेड काही मला बांबूने ढकलून पुढे आणता येत नाही. छिद्राचा आकडा लहान तितका उजेड जास्त, एवढं गणित मला बैठकीत समजावून सांगायला दोन तास लागले. शेवटी दसरूमामा म्हणाले, "तुले समजते तं घे. पन फोटो नाई आला तं मी लेन्सनं मासोऱ्या धरीन."

आता दुसरं. तू पत्राच्या शेवटी लिहिलंस, की अर्ज करणाऱ्यांपैकी वामनराव साहेब तुझ्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक आहेत, तुला नान्हे नव्हे, पाटील म्हणून ओळखतात, तेव्हा या प्रकरणात तुझं नाव कुठे येऊ नये. 'समजून घे', असंही लिहिलंस.

नाही घेत समजून. तुझ्या लग्नात आम्ही समजून घेतलं होतं. तू बसमधून उतरल्या उतरल्या बाबांना बाजूला घेतलंस आणि सांगितलंस, की इथे कोणी विचारलं तर शेती आहे म्हणा, तलावाचं काढू नका. बाबा मांडवात शेवटच्या रांगेत बसले. जेवताना तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, यंदा धान कसं आहे, तर ते म्हणाले, बरं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खोटं बोलताना पाहिलं आणि तेही त्यांना नीट जमलं नाही. परत आल्यावर त्यांनी त्या दिवसाबद्दल कधीच काही म्हटलं नाही. आईने एकदा विषय काढला तर उठून तलावावर गेले. ते वारले तेव्हा तू संध्याकाळच्या बसने आलास आणि सकाळच्या बसने गेलास. तिसरं वर्ष लागलं त्याला.

मी तुझं नाव मुद्दाम घेणार नाही. पण कोणी सरळ विचारलं तर बाबांसारखं खोटं मला बोलता येणार नाही. तुला हे पटत नसेल तर लेन्स देऊ नकोस, मी चंद्रपूरला शोधीन. पटत असेल तर एस.टी.च्या पार्सलने पाठव. मनिऑर्डर केली आहे.

कुंता


३० ऑगस्ट १९९८

भाऊ,

लेन्स आली. तू काहीच लिहिलं नाहीस, पण पार्सल उघडल्यावर मला जे समजायचं ते समजलं. बुरशीचा धागा नाही. मी काच उजेडात धरून, फिरवून, सगळीकडून पाहिली. लेन्स उघडून साफ करायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, आणि ते दरपत्रकात नाही. पुढचं रबरी टोपणही तूच घातलेलं दिसतं. आई म्हणाली, "कागद कोनता लावला होता?" नागपूरचं वर्तमानपत्र होतं. तिने ते घडी करून ठेवून दिलं, वाचता येत नाही तरी.

जड आहे हं. आणि खाली तोंड केलं की नळी आपोआप घसरते. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून वर चढवला, आता जिथे ठेवते तिथे राहते. डोंग्याचा हलण्याचा बंदोबस्त दसरूमामांनी केला. चार बांबू चिखलात ठोकले आणि डोंगा चारी बाजूंनी त्यांना आवळून बांधला. तिपाईपेक्षा पक्कं काम झालं.

आणि आता जे घडलं ते लिहिताना मला अजून हसू आवरत नाही, त्या दिवशी मात्र रडू यायचं बाकी होतं.

घरट्याची जागा ठरली होती. आईच्याच वेलीत, पानांच्या गादीवर, तांबूस चकचकीत चार अंडी. नर बसलेला. फोटो मंगळवारी काढायचा ठरला आणि ही बातमी गावभर झाली. मी सकाळी तलावावर गेले तर काय, अख्खी संस्था हजर. दसरूमामा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. संस्थेतल्या नानाजीने डोक्याला तेल चोपडून भांग पाडलेला. बाया ठेवणीतली लुगडी नेसून, कुंकू लावून. आई तुझ्या लग्नात घेतलेलं हिरवं लुगडं नेसून आलेली, जरीच्या काठाचं. फोटो काढायचा म्हणजे चांगले कपडे घालायचे, एवढं तरी माणसाला कळायला नको का, असा सगळ्यांचा चेहरा. चूक माझीच धरा, इतकी वर्षं मीच सगळ्यांना स्टुडिओत म्हणत आले, काकू, जरा चांगलं नेसून या.

आईचा डोंगा वेलीत शिरला आणि पाखरू उठलं. जे पाखरू तिच्या कोपराजवळ बसून राहतं, ते ओरडत तलावावर घिरट्या घालू लागलं. आईला काही कळेना. ती नाव घेऊन बोलावल्यासारखं "ये ना बापा, मीच होय" म्हणत होती. ते येईना. अंडी उघडी पडलेली. पाऊस कधीही येईल असं आभाळ. अंडी थंड पडली असती तर वामनराव साहेब खरे ठरले असते आणि त्यांना खरं आम्हीच ठरवलं असतं, तेही कॅमेऱ्यासाठी.

मी ओरडले, सगळे बाहेर या. सगळे आले. आम्ही तलावाच्या बांधामागे, पाळीमागे, चिचेच्या झाडाखाली उकिडवे बसलो, इस्त्रीचे सदरे चिखलाला लागले. मग पाखरू उतरलं, लांब बोटांनी पानांवरून चालत चालत गेलं, अंडी चोचीने छातीखाली घेतली आणि बसलं. दसरूमामांनी सोडलेला सुस्कारा मोहर्लीपर्यंत गेला असेल. म्हणाले, "वळखलं नाई त्यानं आपल्याले. नवरदेवाची वरात समजला असन."

फोटो झाला नाही. उद्या फक्त आई आणि मी, रोजच्या कपड्यांत.

कुंता


६ सप्टेंबर १९९८

भाऊ,

सोबत रोल आहे. ब्रह्मपुरीच्या लॅबमध्ये देण्याची हिंमत झाली नाही. तू स्वतःच्या हाताने धू, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

मिळाला असं वाटतं. धुतल्याशिवाय म्हणणार नाही, पण वाटतं.

आई जुन्या विटलेल्या लुगड्यात होती, डोक्याला फडकं. पाखराने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. आधी मी दोनशे दहावर घेतले, नुसतं पाखरू, हात बसावा म्हणून. मग आई गवत काढत जवळ सरकली. तुला आठवत असेल, घरटं सापडलं की आपल्या बाया त्याच्याजवळ बरूची काडी रोवतात आणि जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात, म्हणजे कोणाचा बांबू चुकून तिथे लागू नये. या घरट्याची चिंधी पावसाने सुटली होती. आईने नेसलेल्या लुगड्याचा काठ कमरेशी फाडून नवी काढली आणि वाकून बांधू लागली. तिचे हात आणि पाखरू यांच्यात एका पानाचं अंतर होतं. मी नळी मागे ओढली. शंभरच्या आसपास आली असेल. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पाखरू, मधे चिंधी. तेवढ्यात ढग सरकले आणि ऊन आलं. मला छिद्र बारीक करता आलं, दोघंही तीक्ष्ण यावीत म्हणून. दाबलं. परत दाबलं. पाखरू हललं नाही. चार बांबूंनी डोंगाही हलू दिला नाही.

लवकर कळव.

कुंता


२० सप्टेंबर १९९८

भाऊ,

निगेटिव्ह आणि दहा इंची दोन प्रती मिळाल्या. अंगणात मांडल्या, गाव येऊन पाहून गेलं. आईने स्वतःला पाहून फक्त एवढं म्हटलं, की लुगडं बदलायला हवं होतं.

आणि तुझी चिठ्ठी. अख्ख्या चिठ्ठीत एकच ओळ. 'आई बारीक झाली.'

हो, झाली. हे दिसायला तुला दोनशे दहाची लेन्स लागली. बसने पाच तासांत दिसलं असतं. हे रागाने लिहिलेलं नाही, वाचताना तसं वाटलं तर परत वाच. ती ओळ मी आईला वाचून दाखवली. ती चुलीपुढे होती. म्हणाली, "त्याले लिहून दे का मी जेवून राह्यली बराबर." मग जरा वेळाने म्हणाली, "अजून काई लिहिलं नाई का त्यानं?" मी नाही म्हटलं, तर तिने चिठ्ठी मागून घेतली आणि त्या वर्तमानपत्रात ठेवली.

सुनावणी तीन ऑक्टोबरला आहे.

कुंता


५ ऑक्टोबर १९९८

भाऊ,

तलाव राहिला! तलाव आपल्याकडे राहिला. आधी हे लिहून टाकते, नाहीतर तू घाईने शेवट शोधत पानं उलटशील.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर प्रांतसाहेब. एका बाजूला वामनराव आणि त्यांची मंडळी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं आणि खरं सांगते, मला राग धरता आला नाही. पांढरे केस, पायात चिखलाचे बूट, सकाळीच येऊन तलावाला एक फेरी मारून आले होते. पाखरांवर त्यांचा जीव आहे. त्यांनी आपले फोटो मांडले, हाताएवढ्या लेन्सने पाळीवरून काढलेले. काय फोटो होते! कमळपक्षी अंड्यांवर, पीसन् पीस मोजावं असा. ते म्हणाले, इतकी शांतता या पाखरांना लागते. मग हिवाळ्यात जाळी ओढताना बदकं उठतात तो फोटो दाखवला. तोही खोटा नव्हता. शेवटी म्हणाले, तलावात कचराही फार आहे, वेलीत जिथे तिथे चिंध्या अडकलेल्या आहेत, पाखरांच्या पायात गुंतल्या तर ती मरतील.

आपल्या बाजूने कोणी बोललं नाही. विश्वास ठेव, दसरूमामासुद्धा बोलले नाहीत. मी उठले, दोन्ही प्रती साहेबांपुढे ठेवल्या आणि बसले.

साहेबांनी पाहून फोटो वामनरावांकडे सरकवला. त्यांच्यासोबतचा एक माणूस वाकून पाहत म्हणाला, हे जोडकाम असणार, पाखरू एका फोटोतलं आणि बाई दुसऱ्यातली. सभागृहात गलका झाला. मी निगेटिव्ह नेलेलंच होतं. ते वामनरावांच्या हातात दिलं. ते खिडकीशी गेले, खिशातून भिंग काढलं, पट्टी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. मग ते वळून म्हणाले, एकच चौकट आहे, जोड नाही.

पण ते जागेवर बसले नाहीत. टेबलाशी आले, माझा फोटो उचलला, आपला मोठा फोटो उचलला आणि दोन्ही शेजारी धरले. आईच्या हातातल्या चिंधीकडे पाहिलं. मग आपल्या फोटोच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथेही एक काडी होती आणि तिला चिंधीचं टोक. त्यांनी आईला विचारलं, बाई, हे काय बांधता आहात?

आई उठली. मला वाटलं ती लाजेल. तिने सरळ सांगितलं. "घरटं हाय म्हनून निशानी, साहेब. आमच्या मानसाचा बांबू लागू नये म्हनून. तुमच्या फोटोतली बी माहीच हाय. तो काठ माह्या लुगड्याचा हाय."

प्रांतसाहेबांनी विचारलं, तुम्ही इतक्या जवळ जाता तर पाखरू उडत नाही? आई म्हणाली, "उडते ना. नवं लुगडं नेसून गेली तं उडते. जुन्या कपड्यात गेली तं बसून राह्यते. मले मानूस समजतच नाई तो."

सगळं सभागृह हसलं. साहेब हसले. आणि वामनराव सगळ्यांत जास्त हसले, भाऊ, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी आपला अर्ज मागून घेतला आणि 'कचरा' लिहिलेली ओळ स्वतःच्या पेनने खोडली. म्हणाले, मी पाखरू पाहायला इतकी वर्षं येतो आहे, वेल कोणी लावला ते विचारायचं राहून गेलं. वेल बंद केला तर हे बसणार कशावर?

निकाल तिथल्या तिथे झाला. मासेमारी चालू, शिंगाडा चालू. थंडीत बदकं येतात तेव्हा पलीकडचा कोपरा जाळ्यांविना सोडायचा, हे आम्हीही मानलं, कारण ते बरोबर होतं. दसरूमामांनी तेव्हा कुठे तोंड उघडलं आणि मग कोणालाच बंद करता येईना. रात्री सगळ्या गावाचं जेवण झालं, तळ्यातलेच मासे. वामनराव जेवून गेले, दोनदा रस्सा मागून घेतला. मला इतका आनंद झाला आहे की मी काल एका म्हशीचा विम्याचा फोटो फुकट काढून दिला.

आता तुझं. जेवताना वामनरावांनी विचारलं, पोरी, लेन्स कुठली वापरलीस? मी सांगितलं, जुनी, सत्तर ते दोनशे दहा. त्यांनी विचारलं, एवढी स्वच्छ जुनी लेन्स तुला कोणी निवडून दिली? ते सरळ विचारत होते. आई माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, निवडली मी, साफ माझ्या भावाने केली, सीताबर्डीच्या दुकानात आहे. ते म्हणाले, तिथे तर पाटील असतात. मी म्हटलं, तेच. वारलू नान्हेंचा मुलगा हेमराज. ही त्याची आई.

ते आईकडे वळून म्हणाले, तुमच्या मुलाचा हात फार चांगला आहे, बाई, माझ्या सगळ्या लेन्स तोच साफ करतो. आईने त्यांच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला. पण मी तिचा चेहरा पाहिला आहे, आणि मला जे केलं त्याचं काडीइतकं वाईट वाटत नाही. तुला वाटत असेल तर ये आणि मला रागाव, समोर बसून रागाव.

त्यांना हा फोटो त्यांच्या मंडळाच्या सभागृहात लावायचा आहे, वीस इंची. निगेटिव्ह मी त्यांच्याकडेच दिलं आहे. सोमवारी ते तुझ्या दुकानात येतील आणि तुझ्याकडूनच मोठी प्रत काढून घेतील. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून आजच्या आज टाकते.

त्या वीस इंची कागदाचा आकार वेगळा, त्यात आपली लांबट चौकट पूर्ण बसत नाही, हे तुला सांगायला नको. एक बाजू थोडी सोडावी लागते. दुकानातलं कोणीही म्हणेल की पाखरू मधोमध घ्या आणि डावीकडचं जाऊ द्या. डावीकडे आई आहे. वर-खाली पांढरी पट्टी राहिली तरी चालेल, वामनरावांना मी सांगून ठेवलं आहे. आईला कापायचं नाही.

तुझी बहीण,
कुंता